चिलखतावरचा ओरखडा

साडेतीन हे त्याचं नाव नव्हे, मोजणी आहे. उजव्या हाताचा अंगठा, अनामिका आणि करंगळी ही तीन, आणि मधलं बोट अर्धं. तर्जनी मुळापासून गेली. हे नाव त्याला कुणी चिडवायला ठेवलेलं नाही. दवाखान्यातून घरी आला त्या आठवड्यात आजूबाजूचे लोक दार ढकलून आत यायचे, 'किती गेली रे?' विचारायचे आणि च्यक् च्यक् करत खुर्ची ओढायचे. चौथ्या दिवशी त्याचं डोकं फिरलं. म्हणाला, गेली किती ते कारखान्याला विचारा, माझ्याकडे साडेतीन आहेत. तेव्हापासून साडेतीन. पुढे कॉम्प्युटरवरही त्याने हेच नाव घेतलं, आणि त्याला न पाहिलेली हजारो माणसं त्याला याच नावाने ओळखतात.

माझ्याकडे आला तो पत्र घेऊन. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर आमच्या जखमी कामगार समितीची खोली आहे. एक टेबल, दोन बाक, आणि कागद इतके की खिडकी उघडत नाही. पत्रात कारखान्याने लिहिलं होतं की, कामगाराने स्वतःच्या निष्काळजीपणामुळे पत्रा दाबण्याच्या चालू प्रेसमध्ये हात घातला, उजवा हात आता कोणत्याही कामास योग्य नाही, सबब त्यास कमी करण्यात येत आहे. 'सबब' हा शब्द दिसला की माझं रक्त तापतं. ज्यांना सरळ बोलायची लाज वाटते तेच तो वापरतात.

कायद्यात एक फट होती. दुसरं एखादं काम त्याला जमतं असं लेबर ऑफिसरसमोर दिसलं, तर कारखान्याला त्याला काढता येत नव्हतं. आणि कारखान्यात एक खुर्ची रिकामी होती. टूलरूममध्ये, जिथे डायची, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यांची, ड्रॉइंग कॉम्प्युटरवर करतात तिथे. चौदा वर्षं प्रेसवर उभं राहून त्याने काचेपलीकडून ती खुर्ची पाहिली होती. त्याला तीच हवी होती. तारीख नऊ दिवसांवर.

मी विचारलं, तुला येतं काय? तो जमिनीकडे बघत म्हणाला, कपडे करतो. म्हटलं, शिंपीकाम? तर म्हणे, नाही ताई, गेममधल्या माणसांचे.

मी फटकन बोलून गेले की ऑफिसरबाईंसमोर हे सांगितलंस तर त्या आपल्याला जिन्यावरूनच परत पाठवतील. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, घरी येऊन बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. दीड खोलीचं घर. भांड्यांच्या फळीखाली कॉम्प्युटर, माउस डाव्या बाजूला, आणि टेबलाखाली शिलाई मशीनचं पायाने दाबायचं पेडल. बायकोचं जुनं मशीन मोडीत गेलं तेव्हा ते त्याने काढून ठेवलं होतं, तारा बदलून कॉम्प्युटरला जोडलं. पाय दाबला की क्लिक. उजव्या हाताच्या अर्ध्या बोटाने एक गोल बटण फिरवायचं, त्याने चित्र जवळ यायचं, लांब जायचं. तीन अवयव, तीन कामं. बघताना मला तबल्यावरचा माणूस आठवला, पण मी तसं बोलले नाही. आधीच एकदा तोंड चालवून झालं होतं.

प्रकार असा. लाखो लोक खेळतात असा एक लढाईचा गेम आहे. त्यातली पात्रं गेमवाल्यांनी दिलेल्या कपड्यांत फिरतात. कुणी हौशी माणूस नवा पोशाख बनवून त्याची फाइल नेटवर ठेवतो. ज्याला आवडेल तो ती उतरवून घेतो आणि आपल्या पात्राच्या अंगावर चढवतो. या फाइलीला म्हणतात मॉड. गेमवाल्यांची त्याला मुभा आहे.

काम वाटतं तेवढं सोपं नाही. पात्र उभं असतं तोवर पोशाख दिमाखदार. ते पळायला लागलं की खरी परीक्षा. गुडघा विजारीतून बाहेर, काखेतून कातडी बाहेर, पोट पट्ट्यातून डोकावतंय. नवशिके इथेच मार खातात. साडेतीनला यावरचा तोडगा कारखान्याने शिकवला होता. प्रेसमध्ये वरचा ठसा आणि खालची डाय यांच्यात पत्र्याच्या जाडीच्या हिशेबाने फट ठेवतात. त्याने अंग आणि पोशाख यांच्यात तशीच फट ठेवली. सगळीकडे एकसारखी.

त्यामुळे त्याच्या पोशाखातून अंग कधी बाहेर आलं नाही. पण त्याने राणीसाठी पहिला झगा केला तोही पत्र्याच्याच हिशेबाने. राणी चालायची आणि झगा तिच्याभोवती ताठ उभा. कुणीतरी खाली लिहिलं, राणी पिंपात पडली आहे, कुणीतरी काढा. हे मला त्याच्या बायकोने सांगितलं, खदाखदा हसत. ती इस्पितळाच्या धुलाईघरात काम करते, दिवसाला शेकडो चादरी आणि गाऊन तिच्या हाताखालून जातात. तिने त्याला सांगितलं होतं, 'अहो, कापड उभं राहत नाही. ते कुठेतरी टेकतं आणि तिथून लोंबतं. खांद्यावर टेकू द्या, कमरेला टेकू द्या, मधे सोडून द्या.' तीन आठवडे तो तिचा गाऊन दाराला टांगून बघत बसला होता. झगा जमला. पण पत्र्यासारखा नाही जमला, हे तोही कबूल करायचा.

पत्रा म्हणजे चिलखत. त्याने स्क्रीनवर आणलं आणि मी पुढे सरकले. मला गेममधलं ओ की ठो कळत नाही, पण पत्र्याचा वाक मला कळतो. मी अशा कामगारांत उभं आयुष्य घालवलंय. छातीचं पान, पोटावरच्या एकावर एक चढलेल्या पट्ट्या, आणि खांद्यावर दोन बाजूंना दोन खोलगट पानं. पात्राने हात वर केला तर खांद्याचं पान आतल्या पट्टीवर सरकलं, घासलं नाही, फाटलं नाही. डाव्या खांद्यावर काठाजवळ एक बारीक ओरखडा होता. खालच्या अभिप्रायांत लोकांनी त्या ओरखड्यावर जीव ओवाळला होता, खरं लढून आलेलं चिलखत वाटतं म्हणून. अकरा हजार लोकांनी ते उतरवून घेतलं होतं.

मी म्हटलं, ठरलं, हेच दाखवायचं. तो म्हणाला, झगा दाखवू. मी म्हटलं, पिंप? त्याची बायको हसली, तो हसला नाही. पुन्हा म्हणाला, झगाच बरा. कारण विचारलं तर माउस पुसायला लागला. मग माझा पारा चढला. नऊ दिवसांत माझ्याकडे एक पुरावा आहे आणि तुझे नखरे चाललेत, असं काहीबाही बोलले. त्याने मान हलवली. तो पटल्यामुळे हलवतोय की मी गप्प व्हावं म्हणून, हे बघायला हवं होतं. बघितलं नाही.

तारखेच्या दिवशी मागून आणलेला लॅपटॉप माझ्या पिशवीत आणि पेडल, माउस, गोल बटण त्याच्या. लेबर ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्यावर तो थांबला, भिंतीला टेकला आणि म्हणाला,

'ताई, खांद्यावरचं पान आपल्या कारखान्यातलं आहे. चार नंबरच्या प्रेसवरचा पार्ट.'

चार नंबरवरच त्याची बोटं गेली होती. पण ते नंतर. आधी हे की, त्या कारखान्यातला पार्ट बाहेर कुठेही दाखवला तर माणूस त्याच दिवशी घरी जातो. मागच्या वर्षी एकाने मित्राचा फोटो काढला, मागच्या टेबलावर एक पार्ट दिसत होता, संध्याकाळी त्याच्या हातात पत्र. आणि या गृहस्थाने तो अकरा हजार लोकांच्या खांद्यावर बसवला होता.

मी विचारलं, दुसरं काही सुचलं नाही तुला? तो म्हणाला, तीन वर्षं दिवसाला नऊशे काढले. खांदा काढायला बसलो, हाताला तोच आला. केल्यावर कळलं. मग मोडवेना.

ठरलं, झगा. चिलखताचं नाव काढायचं नाही.

खोलीत तिघं होते. ऑफिसरबाई, सर्दी झालेली, रुमाल आणि फाइल एकाच हातात. कारखान्याचा डॉक्टर, जो सारखा घड्याळ बघत होता. आणि मॅनेजर. हा मॅनेजर कागदी माणूस नव्हे. तरुणपणी स्वतः डाय घासून वर आलेला. त्याच्या तळव्यांवर अजून घट्टे आहेत. मला कागदी माणसं परवडतात, त्यांना फसवता येतं. याच्यासमोर चिलखत म्हणजे आपणहून गळ्यात दोर अडकवणं.

साडेतीनने पेडल टेबलाखाली ठेवलं, लॅपटॉप उघडला, राणीला उभं केलं. ऑफिसरबाईंनी नाक पुसून विचारलं की हे काम तुम्हीच केलंत कशावरून. तो म्हणाला, काहीतरी बदलायला सांगा. त्या म्हणाल्या, बाह्या कोपरापर्यंत आणा.

पहिली बाही सुरळीत झाली. दुसरी अर्ध्यावर असताना त्याच्या हाताला गोळा आला. अनामिका आणि करंगळी आत वळली, हाताची मूठ झाली, अर्धं बोट बटणावरून घसरलं. डॉक्टर लगेच पुढे झुकला आणि लिहू लागला. साडेतीनने तो हात मांडीखाली दाबून धरला आणि नुसत्या डाव्या हाताने, पायाने काम रेटत राहिला. राणीला चालवून बघितलं तर उजवं कोपर बाहीच्या काठातून टोचल्यासारखं बाहेर. त्याने काठ किंचित फाकवला, पुन्हा चालवलं. कोपर आत राहिलं. अकरा मिनिटं लागली. ऑफिसरबाई म्हणाल्या, बरं आहे हो.

मॅनेजर हसला. तिरकं नाही, सहज. 'छान आहे. माझी मुलगी असती तर खूश झाली असती. पण मॅडम, ही बाहुलीची कापडं झाली. माझ्याकडे पत्रा वाकतो. पत्र्यातलं काय येतं याला?'

ऑफिसरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आणखी काही आहे का? मी नाही म्हटलं. डोळ्याला डोळा देऊन खोटं बोलले. त्या मान खाली घालून लिहायला लागल्या, मॅनेजरने पेनाला टोपण लावलं, डॉक्टर उठलाच. झालं. चौदा वर्षं आणि एक रिकामी खुर्ची एका ओळीत संपणार होती, आणि मी माझ्याच जिभेला शिव्या देत बसले होते.

'आहे,' साडेतीन म्हणाला.

मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. त्याच्या पायाखालचं पेडल दाबलं गेलं, स्क्रीनवर दुसरंच काही उघडलं. त्याने ते बंद केलं आणि चिलखत आणलं.

मॅनेजर आधी बसूनच बघत होता. पोटाच्या पट्ट्या एकेक सरकवून दाखवल्या तशी त्याने खुर्ची ओढली. वाकताना पत्रा कुठे ताणतो, कुठे जाड होतो, हे विचारू लागला आणि साडेतीन सांगू लागला. दोघंच बोलत होते, दोन कारागीर बोलतात तसं, अर्धी वाक्यं. मला आशा वाटली की तो खांद्यापर्यंत जाणारच नाही.

'फिरव,' मॅनेजर म्हणाला.

पात्र फिरलं. डावा खांदा समोर आला. मॅनेजरने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि इतका पुढे वाकला की त्याच्या श्वासाने स्क्रीन धुरकट झाली. मी टेबलाची कड धरून ठेवली.

'हे कुठून आणलंस?'

'डोक्यातून.'

'ड्रॉइंग कुणी दिलं?'

'ड्रॉइंग आम्हाला कोण दाखवतं, साहेब? आम्ही पार्ट बघतो.'

मॅनेजर उठून उभा राहिला. आवाज चढवला नाही, पण तो कोरडा पडला. मॅडम, नोंद घ्या, म्हणाला. हा आमच्या कारखान्याचा पार्ट आहे, जसाच्या तसा, आणि या माणसाने तो जगभर वाटलाय. आता दुसऱ्या कामाचा प्रश्नच उरत नाही. ऑफिसरबाईंनी विचारलं, तुमची खात्री आहे? तो म्हणाला, मी ती डाय बनवलीय, मॅडम, मला विचारता?

त्यांनी लिहून घेतलं. मी कायद्याचं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच साडेतीनने मला हाताने थांबवलं. त्याच हाताने. मग त्याने खांद्याचा काठ जवळ आणला. आणखी जवळ. पूर्ण स्क्रीनभर तो ओरखडा झाला.

'साहेब, तुमच्या ड्रॉइंगमध्ये हा आहे का?'

मॅनेजर म्हणाला, ती तुझी सजावट.

'सजावट नाही. तो येतोच. डायच्या त्या कोपऱ्यात पत्र्याचा कण चिकटून उंचवटा धरतो. तुम्ही घासून देता, महिन्याभरात पुन्हा धरतो. तिथे पार्ट अडकतो. मग हात घालून ओढावा लागतो. हात वाचवायचा गार्ड उघडा ठेवल्याशिवाय ओढता येत नाही, आणि ओढल्याशिवाय नऊशे होत नाहीत. मला ओरखडा काढायचा नव्हता. पार्ट काढला, त्याच्याबरोबर आला.'

इतकी वाक्यं एका दमात बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. आणि नऊ दिवस मी त्याला विचारत होते की हात आत घातलासच का, तेव्हा तो फक्त म्हणायचा, घालावा लागतो. मला ते उत्तर वाटलं नव्हतं. रागच यायचा.

ऑफिसरबाईंनी रुमाल खाली ठेवला. म्हणाल्या, साहेब, तुम्ही आत्ताच म्हणालात जसाच्या तसा. मॅनेजर म्हणाला, आकाराबद्दल म्हणालो. त्या म्हणाल्या, मग आजच्या शिफ्टमधले पाच पार्ट मागवा.

कारखाना तिथून वीस मिनिटांवर. ती वाट बघणं मला आयुष्यात विसरायचं नाही. डाय कालपरवा घासली असेल तर ओरखडा नसणार. ओरखडा नसला की उरतो फक्त पार्ट, आणि पार्ट बाहेर नेणारा चोर. साडेतीनला विचारलं, घासली असेल का रे? तो म्हणाला, माहीत नाही. चहा आला, कुणी घेतला नाही. डॉक्टरने एकदा विचारलं की मी गेलो तर चालेल का, आणि ऑफिसरबाई व मॅनेजर दोघंही एकदम नाही म्हणाले.

ड्रायव्हर फडक्यात बांधलेले पार्ट घेऊन आला. टेबलावर ठेवले तसे एकमेकांवर किणकिणले. मॅनेजरने पहिला उचलला, खिडकीकडे धरला. खाली ठेवला. दुसरा उचलला. तिसऱ्यानंतर त्याने बघायचं थांबवलं. उरलेले दोन ऑफिसरबाईंनी पाहिले, स्क्रीनशेजारी धरून. डाव्या काठाजवळ, त्याच जागी, तेवढाच लांब. पाचांवर पाच.

मी जिंकल्यासारखी उठले होते. बोलणार होते, खूप बोलणार होते. पण साडेतीन पार्टकडे बघतच नव्हता. तो ड्रायव्हरकडे बघत होता.

'म्हणजे अजून ओढतायत,' तो म्हणाला. 'आज चार नंबरवर कोण आहे?'

ड्रायव्हरने खांदे उडवले. मॅनेजरला विचारलं तर त्यालाही ठाऊक नव्हतं. साडेतीन पुन्हा म्हणाला, साहेब, कोण आहे तिथे? मग मॅनेजरने खिशातून फोन काढला, कोपऱ्यात गेला, पण खोली एवढीशी की सगळं ऐकू आलं.

'चार नंबर बंद कर. आत्ता. कारण नंतर सांगतो, आधी बंद कर आणि तिथून माणूस बाजूला घे.'

हुकूम तासाभराने निघाला. तीन महिने टूलरूमच्या खुर्चीवर काम करून दाखवायचं, जमलं तर कायम. चार नंबरची डाय तपासून अहवाल द्यायचा. आणि खांद्याचं पान नेटवरून काढून टाकायचं, ही मॅनेजरची अट, बाईंनी मान्य केलेली. मी कडाडून भांडले. म्हटलं, तो ओरखडा आमचा पुरावा आहे, पुसता येणार नाही. पत्रातला 'निष्काळजीपणा' हा शब्द आधी पुसा. बाई म्हणाल्या, तो वेगळा अर्ज करा. तो मी केला आहे, आणि तो निकालात निघेपर्यंत त्या जिन्याला माझी सवय होणार आहे.

साडेतीनने तिथेच बसून फाइल नेटवरून काढून टाकली. मी म्हटलं, इतक्या सहज? तो म्हणाला, ताई, अकरा हजारांच्या अंगावरून कोण काढणार? त्यांच्याकडे आहेच ते. आणि पेडलची तार गुंडाळायला लागला. एका हाताने जमेना, मी धरली.

जिन्यात मॅनेजर आमच्या पुढे होता. पहिल्या मजल्यावर थांबला. माझ्याकडे पाहिलं नाही, त्याच्याशी बोलला. म्हणाला, आम्ही दर पंधरवड्याला ती डाय मोजतो, मोजमापात काही सापडत नाही. केवढा असेल रे तो उंचवटा?

'मोजून नाही सापडत, साहेब. नख फिरवलं की लागतो. मला लागायचा. ते बोट आता नाही.'

मॅनेजरने आपल्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाला, सोमवारी आलास की आधी चार नंबरवर जाऊ. कुठे फिरवायचं ते दाखव, मी फिरवतो.